मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर जगभरात सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये तिसरा आहे आणि कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये दुसरा. २०२२ या एका वर्षात जगात साधारण १९ लाख लोकांना त्याचं निदान झालं आणि ९ लाखांच्या आसपास माणसं त्याने गेली. यातली अनेक माणसं वाचू शकली असती, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. हा कॅन्सर होण्याच्या आधीच अडवता येतो आणि त्यासाठीची पहिली तपासणी घरच्या संडासात पाच मिनिटांत उरकते. तरी लोक ती टाळतात. टाळताना जे प्रश्न मनात येतात आणि बरेचदा कुणाला विचारलेही जात नाहीत, ते इथे घेतले आहेत.

मला काहीच त्रास नाही. मग तपासणी कशाला?

स्क्रीनिंग असतं तेच मुळी त्रास नसलेल्या माणसांसाठी.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. वय वाढतं तसे त्याच्या आतल्या अस्तरावर छोटे उंचवटे उगवतात, काही अळंबीसारखे देठावर उभे, काही सपाट. त्यांना पॉलिप म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ लोकांच्या आतड्यात ते असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण पॉलिप दुखत नाही. बहुतेक पॉलिप आयुष्यभर काहीही न करता पडून राहतात. पण काही, विशेषतः ॲडिनोमा प्रकारचे, हळूहळू वाढतात, त्यांच्या पेशींमध्ये एकामागून एक जनुकीय बिघाड साठत जातात आणि शेवटी त्यांचा कॅन्सर होतो. एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हा टप्प्याटप्प्यांचा प्रवास मांडला. त्याला सहसा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो.

इतका मोठा अवधी फार थोडे कॅन्सर देतात. या काळात पॉलिप सापडला तर तो दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो आणि पुढचा कॅन्सर होतच नाही. त्रास सुरू होण्याची वाट पाहिली तर ही संधी बहुधा निघून गेलेली असते. गाठ बरीच मोठी होईपर्यंत, आतड्याची वाट अडेपर्यंत किंवा रक्त डोळ्यांना दिसेल इतकं जाईपर्यंत शरीर गप्प राहू शकतं.

आणि त्रास असेल तर?

मग या पानावरचं स्क्रीनिंग तुमच्यासाठी नाही, थेट डॉक्टरांकडे जा. शौचातून रक्त जाणं, शौचाची सवय बदलून तीन आठवडे झाले तरी पूर्ववत न होणं, पोट साफ झालं नाही असं सारखं वाटणं, कारण नसताना वजन उतरणं, पोटात दुखणं किंवा गाठ लागणं, हिमोग्लोबिन कमी होऊन थकवा येणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या स्क्रीनिंगच्या तारखेपर्यंत थांबू नका. मागच्या वर्षीचा रिपोर्ट चांगला होता, या भरवशावरही राहू नका.

तपासण्या कोणकोणत्या असतात? नेमकी कोणती करायची?

दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला म्हणजे शौचाचा नमुना तपासणं. त्यात आज सर्वात जास्त वापरली जाणारी तपासणी म्हणजे फिट, म्हणजेच फिकल इम्युनोकेमिकल टेस्ट. डोळ्यांना न दिसणारं रक्त ती शोधते. ती वर्षाला किंवा दोन वर्षांतून एकदा करायची असते. दुसरा रस्ता म्हणजे कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून सगळं मोठं आतडं आतून पाहणं. ती काही गैर सापडलं नाही तर साधारण दहा वर्षांनी पुन्हा करायची. याशिवाय आतड्याचा फक्त शेवटचा भाग पाहणारी सिग्मॉइडोस्कोपी आहे, सीटी स्कॅनने आतडं पाहण्याची सोय आहे आणि शौचातला डीएनए तपासणारी चाचणीही काही देशांत मिळते.

कोणती सर्वात चांगली, यावर डॉक्टरांमध्येही बराच खल होतो. माझं मत विचाराल तर, जी तुमच्याकडून खरोखर होईल ती. हे नुसतं समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना फक्त कोलोनोस्कोपी सुचवली त्यांच्यापैकी ३८ टक्के लोकांनीच तपासणी पूर्ण केली. ज्यांना शौचाची तपासणी किंवा दोन्हींतली कोणतीही एक निवडा असं सांगितलं, त्यांच्यात हे प्रमाण ६७ ते ६९ टक्के होतं. कोलोनोस्कोपी जास्त बारकाईने पाहते, यात वाद नाही. पण मनाची तयारी नसल्यामुळे ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाणार असेल, तर या महिन्यात केलेली फिट तिच्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची.

फिट नेमकं काय शोधते?

माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि त्यातही ग्लोबिन हे प्रथिन. मोठे पॉलिप आणि कॅन्सरच्या गाठी अधूनमधून थोड्या रक्ताळतात, तेवढं रक्त या तपासणीला पुरतं. जठर किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, त्यामुळे फिट पॉझिटिव्ह आली की रोख मुख्यतः मोठ्या आतड्याकडे असतो. यापूर्वीच्या जुन्या तपासणीत काही पदार्थ आणि औषधं आधी बंद ठेवावी लागायची, तीन-तीन वेळा नमुने द्यावे लागायचे. फिटला पथ्य लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी एकच नमुना पुरतो.

नमुना घ्यायचा कसा?

किटमध्ये एक छोटी नळी असते. तिच्या झाकणाला खाचा असलेली काडी जोडलेली असते आणि नळीत थोडा द्रव असतो. तो द्रव सांडायचा नाही.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे शौच पाण्यात पडण्याआधी झेलायचं. त्यासाठी स्वच्छ कोरडं टाकाऊ भांडं, जाड कागद किंवा हातावर चढवलेली प्लास्टिकची पिशवी, जे जमेल ते चालतं. संडासाची बैठक कोणत्याही पद्धतीची असली तरी हे जमतं, फक्त सगळी तयारी आधी करून मग बसायचं. लघवी आधी करून घ्या म्हणजे ती मिसळणार नाही. मग काडीने शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी खरवडा. काडीच्या खाचा भरतील एवढंच पुरे. जास्त भरलं म्हणजे तपासणी जास्त चांगली होते असं नाही, उलट बिघडू शकते. काडी नळीत परत घालून घट्ट बंद करा, तारीख लिहा. तारीख लिहायची राहिल्यामुळे नमुना बाद झाला, असं होऊ देऊ नका.

नमुना त्याच दिवशी किंवा किटवर सांगितलेल्या मुदतीत पोहोचवा, तोवर थंड जागी ठेवा. उष्णतेने हिमोग्लोबिनचं विघटन होतं आणि असलेलं रक्तही तपासणीत दिसेनासं होऊ शकतं. उन्हाळ्याच्या दिवसांत पॉझिटिव्ह रिपोर्टचं प्रमाण कमी होतं, असं काही ठिकाणी आढळलं आहे. त्यामुळे नळी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून दिवसभर फिरू नका.

मासिक पाळी चालू असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा डॉक्टरांनी तपासून सांगितलेल्या मूळव्याधीचं रक्त पडत असेल, तर ते थांबल्यावर नमुना घ्या.

मला याची किळस येते, आणि लाजही वाटते.

वाटणारच. शौच, गुदद्वार, आतडी हे शब्द आपण चारचौघांत उच्चारत नाही, डॉक्टरांसमोरही अडखळतो. या लाजेला हसणारा माणूस मला आवडत नाही, कारण ती खरी असते आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत भीतीपेक्षाही मोठी असते.

एवढंच सांगेन की फिटमध्ये तुम्हाला कुणासमोर काहीच करायचं नाही. संडासाचं दार बंद असतं. बंद नळी प्रयोगशाळेत जाते, तिथे यंत्र ती तपासतं. कोलोनोस्कोपीच्या खोलीत अंग पूर्ण झाकलेलं असतं, फक्त जरूर तेवढा भाग मोकळा असतो. स्त्री डॉक्टर हवी किंवा पुरुष डॉक्टर हवा असेल तर आधी विचारा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

अमेरिकेतल्या वृत्तनिवेदिका केटी कुरिक यांचे पती ४२ व्या वर्षी याच कॅन्सरने गेले. त्यानंतर २००० मध्ये त्यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली. पुढच्या महिन्यांत तिथे ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढल्याचं अभ्यासातून दिसलं. एकाने उघडपणे बोललं की दुसऱ्याला जाणं सोपं होतं. तुम्ही तपासणी केली असेल तर घरात, मित्रांत सांगा. तपशील नको, फक्त केली एवढं सांगितलं तरी चालेल.

मला मूळव्याध आहे. रक्त पडतं ते त्याचंच असणार ना?

असेलही. पण हे तुम्ही ठरवू नका. मूळव्याध इतक्या जणांना असते की तिच्या आडोशाला कॅन्सर सहज लपतो. रक्त दिसलं की ‘जुनाच त्रास’ म्हणून मलम लावायचं, असं करता करता वर्ष-दोन वर्षं निघून जातात. मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप होऊ शकतो, कॅन्सरही होऊ शकतो. एक असलं की दुसरं नाही, असा नियम नाही. रक्त पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि ‘मूळव्याधच आहे’ हे तपासून झाल्यावर त्यांच्या तोंडून ऐका.

फिटचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मला कॅन्सर आहे का?

बहुधा नाही. पॉझिटिव्ह याचा अर्थ शौचात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रक्त आहे, आणि ते कुठून येतं हे पाहायला हवं. असा रिपोर्ट आलेल्या दहा जणांची कोलोनोस्कोपी केली तर साधारण नऊ किंवा त्याहून जास्त जणांना कॅन्सर नसतो. तीन-चार जणांमध्ये ॲडिनोमा सापडतात आणि तिथल्या तिथे काढले जातात. काहींना मूळव्याध किंवा आतड्याची सूज असते, काहींमध्ये काहीच निघत नाही.

पण ‘बहुधा नाही’ हे ऐकून थांबायचं नाही. पॉझिटिव्ह फिटनंतर कोलोनोस्कोपी व्हायलाच हवी. फिट ही तपासणीची पहिली अर्धी बाजू आहे, दुसरी अर्धी कोलोनोस्कोपी. पहिली करून दुसरी सोडली तर पहिलीचा उपयोग जवळजवळ शून्य. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

त्यापेक्षा आणखी एकदा फिटच करून पाहिली तर?

नको. हा विचार जवळपास प्रत्येकाच्या मनात येतो, आणि कधीकधी दवाखान्यातूनही तसं सुचवलं जातं. पण पॉलिप आणि गाठी रोज रक्ताळत नाहीत. आज रक्त आलं, परवा येणार नाही. दुसरी फिट निगेटिव्ह आली तरी पहिलीत दिसलेलं रक्त खोटं ठरत नाही, आपल्याला फक्त खोटा दिलासा मिळतो.

इटलीतल्या व्हेनेटो भागात लाखाहून जास्त पॉझिटिव्ह फिट असलेल्या लोकांचा मागोवा घेतला गेला. कोलोनोस्कोपी न केलेल्यांमध्ये या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका केलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. उशीरही महागात पडतो. दहा महिन्यांहून जास्त थांबलेल्यांमध्ये कॅन्सर, आणि तोही पुढच्या टप्प्यावर गेलेला, सापडण्याचं प्रमाण जास्त असल्याचं २०१७ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. काही आठवड्यांतली तारीख घ्या. घरातलं कार्य, मुलांच्या परीक्षा, कामाचा हंगाम यातलं काहीतरी कायम समोर असतंच.

निगेटिव्ह आला. म्हणजे सुटलो?

या वेळेपुरते, आणि तेही शंभर टक्के नाही. एका वेळच्या फिटमध्ये साधारण पाचातले चार कॅन्सर सापडतात. एखादा त्या दिवशी रक्ताळला नसेल तर निसटतो. मोठ्या पॉलिपच्या बाबतीत तर ही पकड बरीच सैल आहे. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा करायची असते. पॉलिप हळू वाढतो, यावेळी निसटला तर पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वेळी सापडण्याची चांगली शक्यता असते. एकदा केली आणि विसरलो, असं केलं तर हा सगळा हिशोबच मोडतो. पुढची तारीख आजच फोनमध्ये घालून ठेवा.

कोलोनोस्कोपी खूप दुखते का?

बहुतेकांना झोपेचं किंवा गुंगीचं औषध दिलं जातं, त्यामुळे फारसं काही आठवतही नाही. औषधाशिवाय करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना वळणांच्या जागी कळ येते, पोट फुगल्यासारखं वाटतं. पाहणं नीट व्हावं म्हणून आतड्यात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात. कार्बन डायऑक्साइड शरीरात लवकर शोषला जातो, म्हणून नंतरचा गुबारा कमी होतो. सगळं मिळून अर्धा ते पाऊण तास. पॉलिप दिसला तर तारेच्या फासाने तिथेच काढतात आणि ते काढताना दुखत नाही. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी ही पद्धत पहिल्यांदा वापरली. त्याआधी पॉलिप काढायला पोट उघडावं लागायचं.

तयारी फार त्रासदायक असते म्हणतात?

खरं आहे. तपासणी करून आलेल्या कुणालाही विचारा, तपासणीपेक्षा तयारीच नकोशी वाटली असं सांगतील. दोन-तीन दिवस आधीपासून चोथा, बिया, साली असलेलं खाणं बंद, आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसणारे पदार्थ, आणि मग पोट साफ करणारं औषध बरंच पाणी घालून प्यायचं. पुढचे काही तास संडासाच्या आसपासच काढावे लागतात.

पण ही पायरी सैल सोडली तर पुढचं सगळं वाया जातं. आतड्यात मळ राहिला तर त्याखालचा सपाट पॉलिप दिसत नाही, आणि पुन्हा सगळं करावं लागतं. औषध दोन भागांत, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी काही तास आधी, घेतलं तर आतडं जास्त चांगलं साफ होतं आणि पिणंही सुसह्य होतं. तसं सांगितलं नसेल तर विचारा. औषध गार करून, थोडं थोडं, नळीने प्यायलं तर चव कमी लागते. गुदद्वाराजवळची त्वचा जळजळते, म्हणून सुरुवातीपासूनच व्हॅसलीन लावा आणि कागदाने घासण्याऐवजी पाण्याने धुवा. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला लागलं की पोट साफ झालं समजायचं.

रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन, लोहाच्या गोळ्या चालू असतील, किंवा मूत्रपिंडाचा अथवा हृदयाचा आजार असेल, तर ते आधीच सांगा. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्यात धोका किती?

आहे, पण कमी. धडधाकट लोकांच्या स्क्रीनिंगसाठी केलेल्या दहा हजार कोलोनोस्कोपींमागे साधारण तिघांच्या आतड्याला छिद्र पडतं आणि पंधराएक जणांना मोठा रक्तस्राव होतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं. पॉझिटिव्ह फिटनंतर केलेल्या कोलोनोस्कोपीत हा आकडा किंचित जास्त असतो, कारण त्यात पॉलिप जास्त निघतात आणि काढले जातात. वय जास्त असेल, दुसरे गंभीर आजार असतील तर धोका वाढतो. घरी आल्यावर पोटात जोराचं दुखणं, ताप किंवा पुष्कळ रक्त, यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठायचं.

चांगली कोलोनोस्कोपी झाली हे कसं ओळखायचं?

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी पाहा. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोहोचली का. आतडं किती साफ होतं. आणि परत बाहेर येताना निदान सहा मिनिटं पाहणं झालं का. डॉक्टरांना ‘तुमचा ॲडिनोमा सापडण्याचा दर किती?’ असंही विचारता येतं. हा दर जितका जास्त, तितका त्यांच्या रुग्णांना पुढे कॅन्सर होण्याचा धोका कमी, हे सिद्ध झालेलं आहे. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

कोणत्या वयापासून सुरू करायचं?

देशोदेशी वेगळं आहे. जपानमध्ये ४० पासून. अमेरिकेत २०२१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ही मर्यादा ५० वरून ४५ वर आणली गेली. इंग्लंडमध्ये ५० ते ७४, नेदरलँड्समध्ये ५५ ते ७५. तुम्ही राहता तिथे घरपोच किट येत असेल तर प्रश्नच नाही, आलं की वापरा. तशी योजना नसेल तर ४५ ते ५० च्या दरम्यान डॉक्टरांशी स्वतःहून हा विषय काढा. आमंत्रण येण्याची वाट पाहत बसलात तर ते कधी येणारही नाही.

पंचाहत्तरीनंतर सरसकट सगळ्यांनी करावं असं नाही. आधी कधीच तपासणी झाली नसेल आणि प्रकृती ठणठणीत असेल तर फायदा होऊ शकतो. ८५ नंतर मात्र त्रासच जास्त होण्याची शक्यता असते.

आमच्या घरात कुणाला झालेला नाही, मग?

हा कॅन्सर झालेल्या बहुतेकांच्या घरातही आधी कुणाला झालेला नसतो.

आणि झाला असेल तर?

मग तुम्ही लवकर सुरुवात करायची. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलगा-मुलगी यांपैकी एकाला झाला असेल तर तुमचा धोका साधारण दुप्पट होतो. त्यांना साठीच्या आत झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपीने सुरुवात करावी असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे बहिणीला ४२ व्या वर्षी निदान झालं असेल तर तुमची पहिली कोलोनोस्कोपी ३२ व्या वर्षी.

एकाच घरात अनेकांना, किंवा फार कमी वयात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असू शकतो. अशांची तपासणी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचे आजार असलेल्यांचंही वेळापत्रक वेगळं असतं. या सगळ्यांनी फिटवर भागवू नये.

यासाठी आधी घरातली माहिती हवी. ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढंच अनेक घरांत सांगितलं जातं. नेमकं काय झालं होतं आणि कोणत्या वयात, हे मोठ्यांना एकदा विचारून लिहून ठेवा.

तरुणांना होतो का हा?

होतो, आणि बऱ्याच देशांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तो वाढतो आहे. अभिनेता चॅडविक बोसमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी याने गेला. तिशीतल्या सगळ्यांनी स्क्रीनिंग करावं असं कुणी सांगत नाही. पण तिशीतल्या माणसाचं रक्त जात असेल तर ‘या वयात कुठे कॅन्सर’ म्हणून ते झटकून टाकू नये. त्या माणसानेही नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

मी व्यायाम करतो, खाणं नीट आहे, व्यसन नाही. तरीही?

तरीही. दारू, तंबाखू, लठ्ठपणा, बसून राहणं, प्रक्रिया केलेलं मांस यांनी धोका वाढतो, म्हणून तुमच्या सवयींचा फायदा नक्की आहे. पण वय हा सर्वात मोठा धोका आहे आणि तो कुणालाच टळत नाही.

बायकांनाही होतो?

हो. पुरुषांमध्ये थोडा जास्त, पण बायकांमध्येही हा मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या कॅन्सरपैकी आहे. स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी केली म्हणजे याची झाली असं होत नाही.

नुसती रक्ताची तपासणी करून भागत नाही का?

२०२४ मध्ये अमेरिकेत अशा एका रक्ततपासणीला मान्यता मिळाली. असलेले कॅन्सर ती बऱ्यापैकी पकडते, सुमारे ८३ टक्के. पण कॅन्सर होण्याआधीचे धोकादायक पॉलिप फक्त १३ टक्के. कॅन्सर होऊच नये हा हेतू असेल तर ती फार कमी पडते. काहीच न करणाऱ्यासाठी काहीतरी, एवढीच तिची जागा आज आहे.

याने खरंच जीव वाचतात, याला पुरावा आहे का?

आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात ४६ हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. दरवर्षी शौचाची तपासणी करणाऱ्या गटात १३ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले, तेही त्या काळच्या जुन्या तपासणीने. ३० वर्षांनंतर मोजलं तेव्हाही हा फायदा टिकून होता. ब्रिटनमध्ये आयुष्यात एकदाच सिग्मॉइडोस्कोपी करायला बोलावलेल्या गटात हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

उलट बाजूचंही सांगायला हवं. नॉर्वे, पोलंड आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात (२०२२) कोलोनोस्कोपीला बोलावलेल्या गटात दहा वर्षांत कॅन्सर १८ टक्के कमी झाले, पण मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक अजून दिसला नव्हता. यावरून ‘कोलोनोस्कोपीचा उपयोग नाही’ अशा बातम्या फिरल्या. पण बोलावलेल्यांपैकी फक्त ४२ टक्के लोक गेले होते. उरलेल्या ५८ टक्क्यांना न केलेल्या तपासणीचा फायदा कुठून होणार?

समजा कॅन्सर निघालाच, तर? पोटावर शौचाची पिशवी लावून जगायचं?

भीती खरी आहे, म्हणून नीट उत्तर देतो. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या दहा जणांपैकी नऊ किंवा जास्त जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर दहातले एक-दोनच. स्क्रीनिंगमधून सापडणारे कॅन्सर बरेचसे सुरुवातीच्या टप्प्यातले असतात. काही तर पॉलिपबरोबरच निघून जातात, काहींना फक्त शस्त्रक्रिया पुरते आणि केमोथेरपी लागत नाही. आतड्याचा तेवढा भाग काढून टोकं पुन्हा जोडली जातात.

पिशवी सगळ्यांना लागत नाही. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल किंवा आतडं अडल्यामुळे तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली तर ती लागण्याची शक्यता वाढते, आणि कित्येकांची ती काही महिन्यांनी काढताही येते. पिशवीची भीती वाटत असेल तर ते तपासणी लवकर करण्याचंच कारण आहे.

अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आतड्यात १९८५ मध्ये मोठा पॉलिप सापडला. शस्त्रक्रिया केल्यावर त्यात कॅन्सर असल्याचं कळलं. त्यानंतर त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची मुदत पूर्ण केली आणि ते १९ वर्षं जगले.

वडील ऐकतच नाहीत. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात. काय करू?

आकडे सांगू नका, त्याने फार कमी लोक हलतात. रागावूही नका. आधी विचारा की नेमकं काय नको वाटतं. कुणाला लाज असते, कुणाला खर्चाची काळजी, कुणाला रिपोर्टची भीती, कुणाला आपल्यामुळे मुलांची धावपळ नको असते. कारण कळलं की निम्मं काम झालं.

मग लहानात लहान गोष्ट मागा. कोलोनोस्कोपीचं नावही काढू नका, फक्त किट आणून संडासात हाताशी येईल असं ठेवा, उघडून काडी कशी वापरायची ते दाखवा आणि नळी पोहोचवायचं काम स्वतःकडे घ्या. तुम्ही पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर दोघांची किट एकदमच आणा. त्यांच्या डॉक्टरांनाही विषय काढायला सांगा. घरच्यांचं न ऐकणारी माणसं अनेकदा नेहमीच्या डॉक्टरांच्या एका वाक्यावर तयार होतात.

पॉझिटिव्ह आलं तर तारीख तुम्हीच घ्या आणि त्या दिवसाची सुट्टी टाका. गुंगीच्या औषधानंतर घरी आणायला कुणीतरी लागतंच, त्या दिवशी त्यांना गाडी चालवता येत नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं लक्षातही राहत नाही. रिपोर्टची प्रत मागून घ्या, किती पॉलिप निघाले आणि पुन्हा कधी यायचं ते लिहून घ्या, आणि बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, निकाल कोणत्या दिवशी मिळेल हे विचारूनच निघा.